वायबीसीओच्या पेलेटमध्ये नॅनोट्यूब घातल्या आणि ती हिरवट पडली. काय चुकलं?

खल_आणि_भट्टी: एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट वायबीसीओवर (यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचा अतिवाहक, म्हणजे पुरेसा थंड केला की विजेला रोध न करणारा पदार्थ). साधी पेलेट (भुकटी दाबून केलेली चकती) मस्त जमली. ॲगेटच्या खलात घोटून 920 अंशांवर तीनदा भाजली, शेवटी ऑक्सिजन सोडून सावकाश थंड केली. थर्माकोलच्या वाटीत द्रव नायट्रोजन ओतला की बटणाएवढा चुंबक तिच्यावर अधांतरी राहतो. मग वाचलं की कार्बनच्या नॅनोट्यूबमुळे (अतिसूक्ष्म नळ्यांमुळे) करंट वाहून नेण्याची ताकद वाढते. म्हणून तयार काळ्या भुकटीत वजनाने 1 टक्का मल्टिवॉल (एकात एक भिंती असलेल्या) ट्यूब घोटल्या, पेलेट दाबली, पुन्हा 920 ला भाजली. आता कडा हिरवट आहेत, नख लावलं तरी भुकटी सुटते, चुंबक सरळ तिच्यावर टेकतो. फोर-प्रोबमध्ये (रोध मोजायची चार टोकांची पद्धत) 77 केल्विनलाही, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानालाही, रोध शून्य होत नाही. ट्यूबचा डबा जुना आहे, त्यामुळे झालं असेल का? सबमिशनला पंधरा दिवस आहेत.

नायट्रोजनवाली_ताई: डब्याचा काही दोष नाही रे. ऑक्सिजनमध्ये नॅनोट्यूब 600 अंशांच्या आसपासच जळून जातात, म्हणजे 920 ला तुझ्या पेलेटमध्ये ट्यूब उरलेलीच नाही. उरला तो तिचा धूर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि तोही दाबलेल्या पेलेटच्या आत कोंडलेला. कार्बन डायऑक्साइडला वायबीसीओतला बेरियम फार प्रिय. तो बेरियम कार्बोनेट करून बसतो आणि मागे 211 ही फेज (यिट्रियम, बेरियम, तांबं 2:1:1 असलेलं, अतिवाहक नसलेलं संयुग) राहते. तो हिरवा रंग तिचाच.

एकदा हिशेब मांडून बघ. 100 ग्रॅम भुकटीत 1 ग्रॅम कार्बन म्हणजे 0.083 मोल. तेवढ्याच भुकटीत बेरियम 0.3 मोल. सगळा वायू आतच राहिला तर चौथ्या हिश्शाहून जास्त बेरियम गिळेल! शिवाय हे घडतं कणांच्या सीमेवर, आणि वायबीसीओची कोहेरन्स लांबी (अतिवाहक इलेक्ट्रॉन-जोडीचा साधारण आवाका) जेमतेम दीड नॅनोमीटर. काही नॅनोमीटरचा कार्बोनेटचा पापुद्रासुद्धा करंट अडवायला पुरतो.

कल्पना मात्र चुकीची नाही, म्हणून हिरमुसू नकोस. चुंबकीय क्षेत्र आत शिरतं ते भोवऱ्यांच्या रूपात. करंट सोडला की भोवरे सरकतात आणि रोध उभा राहतो. त्यांना खुंटीला बांधायचं असतं, आणि लांब बारीक नळी भोवऱ्याला पूर्ण लांबीभर धरू शकते. फॉसहाइम आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये बिस्मथच्या 2212 या अतिवाहकात कार्बन नॅनोट्यूब घालून हेच केलं आणि पिनिंग (भोवरे खुंटीला बांधणं) वाढल्याचं दाखवलं. पुढच्याच वर्षी यांग आणि लीबर यांनी मॅग्नेशियम ऑक्साइडच्या नॅनोकाड्या वापरल्या. ऑक्साइडच ते, जळायचा प्रश्नच नाही. आज वायबीसीओच्या पट्ट्यांमध्ये बेरियम झिर्कोनेट घालतात, तेही याच कारणाने.

कार्बनला खरं घर मिळालं ते मॅग्नेशियम डायबोराइड या दुसऱ्या अतिवाहकात. ते ऑक्सिजनशिवाय, आर्गॉनमध्ये बनतं, आणि कार्बन बोरॉनच्या जागी जाऊन बसतो. अतिवाहक होण्याचं 39 केल्विनचं तापमान थोडं घसरतं, पण मोठ्या क्षेत्रात करंट टिकून राहतो.

तुझ्यासाठी: 0.1 टक्क्याची एक आणि बिनट्यूबची एक अशा दोन पेलेट एकाच दिवशी दाब, एकाच भट्टीत ठेव, भाजण्याआधी आणि नंतर वजन कर. हिरवी पेलेट टाकू नकोस, तीच तुझ्या रिपोर्टचा गाभा आहे.

चौकोनी_लूप: ताईंशी सहमत. फक्त चुंबक तरंगतो की नाही यावर करंट ठरवू नकोस. 77 केल्विनला एम-एच लूप (चुंबकीय क्षेत्र वाढवत-घटवत मोजलेल्या चुंबकनाचा आलेख) घे, तिच्या रुंदीवरून बीनच्या मॉडेलने (त्यावरून करंट काढायचं सूत्र) कणांच्या आतला करंट निघतो. सीमा ओलांडणारा करंट वेगळा, तो ट्रान्सपोर्टनेच (पेलेटमधून थेट करंट सोडून) मोजावा लागतो. दोन्ही आकडे एकाच खान्यात भरू नकोस.

खल_आणि_भट्टी: काल एक्सआरडी (क्ष-किरणांनी फेज ओळखायची चाचणी) झालं. ताई, 24 अंशांपाशी बेरियम कार्बोनेटचं शिखर स्पष्ट दिसतंय, साध्या पेलेटमध्ये तिथे काहीच नाही. 0.1 टक्क्याची आज संध्याकाळी भट्टीत जाईल. भाजण्याआधीचं वजन 2.004 ग्रॅम, वहीत लिहून ठेवलंय.