झटका मशीन मागवली, झटका मलेच बसला. क्रेडिट कार्डाचे पैसे परत भेटतात का?

तूरवाला
राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातला हाव. तुरीत रानडुकरं अन् रोही घुसतात म्हणून फेसबुकवरची जाहिरात पाहून सोलर झटका मशीन (कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडते ते) मागवली. ८,४९९ रुपये क्रेडिट कार्डानं भरले. (कार्ड कायले घेतलं ते विचारू नका. पीककर्जाच्या कामाले गेलो होतो, तिथं गळ्यात मारलं.) बारा दिवसांनी खोकं आलं, आत एक टॉर्च! जाहिरातीतला नंबर बंद. मंग गूगलवर कस्टमर केअर शोधलं. तो म्हणे रिफंडासाठी हे ॲप घ्या. घेतलं, अन् पाच मिनिटांत अजून २३,००० गेले. परवा सांजची गोष्ट हाय. बँकेतले साहेब म्हणे, ओटीपी तुमच्याच फोनवर आला, आता काही होत नाही. घरी फक्त ८,४९९ चंच माहीत हाय. कोणाचे परत आले असन त सांगा.

आर्वीकर
भाऊ, हे वाचणं सोड अन् आधी १९३० लाव, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर हाय. कार्ड बंद केलं का? ते ॲप अजून फोनात असन त पहिले काढ.

तूरवाला
कार्ड त्याच राती बंद केलं. १९३० नाई केला. करतो.

निवृत्त_कॅशियर
तुमच्या साहेबांनी दोन प्रकरणांची खिचडी केली आणि तुम्हीही ती मुकाट्यानं खाल्ली.

८,४९९ तुम्ही स्वतः, राजीखुशीनं भरले. ही कार्डाची चोरी नाही, पैसे घेऊन माल दिला नाही ही तक्रार आहे. त्यासाठी बँकेकडे डिस्प्यूट फॉर्म भरून चार्जबॅक, म्हणजे विक्रेत्याकडून पैसे परत, मागायचा. इथं ओटीपीचा प्रश्नच येत नाही. मुदत कार्डाच्या नेटवर्कप्रमाणे (व्हिसा, रुपे वगैरे) बदलते, म्हणून आठवडाभरात भराच.

२३,००० चं वेगळं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणानं गेले असतील, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. पण ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे. म्हणून विचारतो, ओटीपी तुम्ही तोंडानं सांगितला का?

तूरवाला
सांगतला नाई. तो म्हणे फोन हातात धरून ठेवा. ॲपनंच वाचला असन, मी त नुसता पाहतच होतो.

निवृत्त_कॅशियर
मग अर्जात तसंच लिहा. "ओटीपी दिला" असं कोणी लिहून घेत असेल तर सही करू नका. दोन व्यवहार, दोन अर्ज. ईमेलनं पाठवा किंवा शाखेत पोच घ्या, तोंडी बोलण्याला शून्य किंमत. बिल आलं की वादातली रक्कम सोडून बाकीचं वेळेवर भरा, नाहीतर व्याजाची दुसरीच कटकट. आणि "याचे हप्ते करून देतो" असा फोन आला तर नको म्हणा. वादातल्या रकमेचे हप्ते कशाला पाडायचे?

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, बँकांविरुद्धच्या तक्रारी तोच ऐकतो. तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही.

रिकव्हरी_एक्सपर्ट
सर शंभर टक्के पैसे परत. फी फक्त ९९९ आगाऊ. इनबॉक्स करा.

आर्वीकर
हा पाहा, तिसरा झटका आला. ॲडमिन, याले हाकला.

करडईचं_तेल
माझं असंच झालं होतं, पिठाची चक्की मागवली आणि प्लास्टिकचा डबा आला. चार्जबॅकमध्ये बँकेनं आधी पैसे जमा केले आणि महिन्यानं परत काढून घेतले! विक्रेत्यानं डिलिव्हरीची पावती दाखवली होती. मी रडकुंडीला आले. मग दीर म्हणाले, खोक्यावरच्या लेबलचा फोटो बघ. वजन ४१० ग्रॅम. एवढ्याशा वजनात चक्की येते का? तो फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, आणि विक्रेत्याला पाठवलेले अनुत्तरित मेसेज परत पाठवले. दोन महिने लागले, पण पैसे आले. दादा, खोकं फेकलं तर नाही ना?

तूरवाला
खोकं कोठ्यात हाय, त्यात कोंबडी बसली होती. लेबल शाबूत हाय, ६२० ग्रॅम!

तूरवाला (अकरा दिवसांनी)
१९३० वाल्यांनी तक्रार नंबर देला. २३,००० एका वॉलेटात गेले होते, त्यातले ६,२०० तिथंच अडवले. बाकीचे पुढं पळाले. अडवलेले सोडवाले यवतमाळले चकरा सुरू हायेत. पैसे गेले त्याच सांजी फोन केला असता त जास्त अडवले गेले असते, हे ठाण्यातल्या पोरीनं तोंडावर सांगतलं. बँकेनं दोन्ही अर्जांची पोच देली. साहेब आता "बसा" म्हणतात.

बायकोले सगळं सांगतलं. दोन दिवस बोलली नाई.

डुकरं रोजच येतात. टॉर्च मात्र चांगला निघाला, जागलीले तोच नेतो.