विटेच्या भिंतीला कोअर मशीन: कोरडं की पाण्याचं?

अमळनेरचा नळवाला
इतकी वर्षं छन्नी-हातोड्याने भोकं पाडली, आता मनगट नाही म्हणतं. कोअर मशीन, म्हणजे नळकांड्यासारख्या बिटने भिंतीतून गोल गाभा कापून काढणारं मशीन, घ्यायचं आहे. माझं बहुतेक काम वीटकामातलं: नऊ इंची भिंतीतून संडासाचा चार इंची पाइप, एसीच्या नळ्या, कधी स्वयंपाकघराच्या चिमणीचं सहा इंची भोक. दुकानदार स्टँडवालं, पाण्यावर चालणारं मशीन गळ्यात मारतोय. माझं मत ठरलंय, कुणाला वाद घालायचा असेल तर घाला: वीटकामाला पाण्याचं मशीन घेऊच नये. हातात धरायचं, क्लच असलेलं (बिट अडकला की झटका मनगटाला न देता सुटणारं) कोरडं मशीन आणि लेझर वेल्डिंगच्या सेगमेंटचा, म्हणजे कडेला हिऱ्याचे कापणारे तुकडे जोडलेला, डायमंड बिट. संपलं.

स्टँड भिंतीला धरणार कशाने? फास्टनर, म्हणजे भोकात फुगून बसणारा बोल्ट, काँक्रीटमध्ये बसतो. आपल्या भट्टीच्या विटेत बोल्ट आवळला की वीटच दुभंगते. हवा ओढून भिंतीला चिकटणारा व्हॅक्यूमचा पाट लावला तर गिलाव्याचा पापुद्रा घेऊन खाली येतो. शिवाय वीट पाणी पिते. विटेच्या भारतीय मानकात, आयएस 1077 मध्ये, साध्या विटेला वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा आहे, म्हणजे नियमात बसणारी वीटसुद्धा किती पिणार ते बघा. आत पाणी सोडायचं आणि मग ओल आली म्हणून घरमालकाची बोलणी खायची, हे कुणी सांगितलंय?

भुसावळचा कोअरवाला
अरे भो, स्टँड लावता येत नाही हे तुला कुणी सांगितलं? आधी 16 मिमीचं आरपार भोक पाड, थ्रेडेड रॉड घाल, पलीकडून पत्र्याची जाड प्लेट लावून आवळ. वीट फुटत नाही, स्टँड हलत नाही. पाच मिनिटांचं काम.

आणि तू "विटेची भिंत" म्हणतोस ती कागदावर. प्रत्यक्षात भिंतीत दारा-खिडकीवरच्या लिंटेलचा काँक्रीटचा पट्टा असतो, कॉलम असतो, संडासाचा पाइप तर नेमका जोत्यावरच्या प्लिंथ बीमच्या अंगाला चाटून जातो. तिथे तुझा कोरडा बिट सळईवर गेला की सेगमेंट निळे पडलेच म्हणून समज. पाण्याचा बिट सळई कापून पुढे जातो. पाण्याचा इतका बाऊ करू नको, हातपंपाची दहा लिटरची टाकी पुरते, खाली चिखल गोळा करायचं कडं मिळतं.

अमळनेरचा नळवाला
सळई कापून पुढे जातो, याचंच तुला कौतुक? बीमची सळई कापायची तर इंजिनिअरला विचारावं लागतं, मशीनला नाही. बीमला भोक पाडायचं काम मी घेतच नाही, जागा बदलून देतो.

धुळ्याचा दादा
तुम्ही दोघंही पैसेवाले दिसता. साध्या हॅमर मशीनला कार्बाइडचे दात असलेला कोअर कटर लावा, हॅमर चालू ठेवा, विटेत लोण्यासारखा जातो. बिटची किंमत डायमंडच्या मानाने काहीच नाही. तेही नको असेल तर चार इंची ग्राइंडरला कोअर लावून मी कितीतरी भोकं पाडलीत.

चोपड्याची लेक (सिव्हिल)
दादा, ग्राइंडरचं वाचून अंगावर काटा आला. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फिरतो. त्याला 127 मिमीचा कोअर लावला तर बिटच्या कडेचा वेग सेकंदाला 73 मीटर होतो. या मापाचा कोअर मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांवर चालवायचा असतो. टाइलला नळाचं छोटं भोक पाडायचा बिट वेगळा, तो ग्राइंडरवर चालतो. त्यावरून सहा इंचीवर उडी मारू नका. अडकला तर ग्राइंडरला क्लच नाही, मनगट फिरणार तुमचंच.

कार्बाइडचं मात्र अर्धं बरोबर. मऊ विटेत, 68 मिमीपर्यंत, नऊ इंची भिंतीत चालतो. पण साडेचार इंची भिंतीला मोठा कटर हॅमरवर लावला की शेजारच्या चार विटांचे सांधे सुटतात आणि पलीकडचा गिलावा परातीएवढा निघतो. डायमंड बिटवर तर हॅमर चुकूनही चालू करू नका, सेगमेंट झडतात.

पारोळ्याची काकू
मी मिस्त्री नाही, घरमालकीण आहे. आमच्याकडे कानबाई (खान्देशची देवी) बसायच्या आधी घराला नवा रंग दिला होता. चिमणीचं भोक राहिलं म्हणून एकाला बोलावलं, तो पाण्याचं मशीन घेऊन आला. लाल चिखलाचे ओघळ ओट्यापासून देवघराच्या भिंतीपर्यंत. पुसले तर रंग गेला, नाही पुसले तर डाग राहिला. पाहुण्यांसमोर त्या भिंतीला साडी लावून झाकली.

पण नळवाल्या भाऊ, फार खूश होऊ नका. जावेच्या घरी कोरडं मशीन लावलं तर तिच्या डब्यांतल्या पिठापर्यंत विटेची पूड गेली. मला दोन्ही नको वाटतात. आधी निम्मं घर झाकायला प्लास्टिक आणा, मग मशीनचं बोला.

भुसावळचा कोअरवाला
काकू, तो कारागीरच आळशी होता. खाली कडं आणि पाणी ओढणारा व्हॅक्यूम लावला असता तर ओघळ आला नसता.

अमळनेरचा नळवाला
कडं, व्हॅक्यूम, टाकी, रॉड, प्लेट, स्टँड. तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार? माझ्याकडे एकच पोऱ्या आहे.

चोपड्याची लेक (सिव्हिल)
पोऱ्याचा विषय निघालाच आहे तर बोलते. विटेच्या आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. जी धूळ दिसते ती खाली बसते, न दिसणारी फुप्फुसात जाते, आणि सिलिकोसिस झाला की तो बरा होत नाही. गमछा बांधून ती धूळ अडत नाही. कोरडंच घ्यायचं तर बिटच्या आतून धूळ ओढणारा व्हॅक्यूम आणि चांगला मास्क धरूनच हिशोब करा. ते धरलं नाही तर कोरडं मशीन स्वस्त वाटणारच. भुसावळचे दादा इथे बरोबर आहेत, धुळीला पाण्यासारखा उपाय नाही. पण पाण्याच्या मशीनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. एक्स्टेन्शन बोर्ड चिखलात पडलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

आणि मापाचं. चार इंची पाइप बाहेरून 110 मिमीचा असतो. लोक 117 चा बिट घेतात. दोन्ही बाजूंना साडेतीन मिमी फट. आता गिलाव्यासकट भिंत 260 मिमी, 40 ला 1 असा उतार द्यायचा म्हणजे भिंतीच्या जाडीतच साडेसहा मिमी खाली जायचं. एकूण सात मिमीच्या फटीत जेमतेम अर्धा मिमी उरतो, भोक जरा वाकडं गेलं की अडकतं. भोक सरळ पाडणार असाल तर 127 चाच घ्या. एसीचं 65 मिमीचं भोक बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं पाडा, नाहीतर पावसाचं पाणी सरळ बेडरूममध्ये.

शहाद्याचा काळा पाषाण
सगळे विटेवरच अडलात. आमचं धाब्याचं जुनं घर, दोन हात जाडीची भिंत. दोन्ही बाजूंना काळा दगड, मध्ये मातीत भरलेले लहान-मोठे गोटे. त्यातून पाइप काढायचा तर काय?

धुळ्याचा दादा
छन्नी. हाई मी आधीपासून सांगी ऱ्हायनू.

भुसावळचा कोअरवाला
दादा या एका बाबतीत निम्मे खरे. पाषाणभाऊ, बाहेरचा दगड कोअरने कापतो, पण मधला गोटा मातीत सैल असतो. बिट लागला की तोच गरगर फिरतो आणि बिटला पाचर बसते. तिथे हातातलं मशीन घेऊन उभा राहणारा माणूस भिंतीवरून फेकला जातो. स्टँडच पाहिजे. आणि पाणी जपून, मातीचा सांधा धुऊन गेला तर वरचे गोटे खाली उतरतात. दोन्ही बाजूंचे दगड कोअरने कापायचे, मधलं हाताने काढायचं.

बिटही वेगळा. वीट खरखरीत, बिट झिजवते, म्हणून तिला कडक बाँडचा, म्हणजे हिरे धरून ठेवणारा धातू कडक असलेला, सेगमेंट. काळा दगड कठीण, तिथे मऊ बाँड लागतो, म्हणजे धातू झिजून नवा हिरा वर येत राहतो. विटेचा बिट दगडावर चालवला तर तो गुळगुळीत होऊन नुसता घासत बसतो. तसा झालाच तर एखाद्या खरखरीत विटेत दोन भोकं पाडा, धार परत येते.

अमळनेरचा नळवाला
हे आधी माहीत असतं तर माझ्या मेहुण्याचा बिट कचऱ्यात गेला नसता. त्याने जोत्याच्या दगडावर चालवला, कापेना म्हणून फेकून दिला.

काळ्या दगडाचं मान्य, तिथे मी हात घालत नाही. व्हॅक्यूमचंही मान्य, पोऱ्या माझा भाचा आहे. विटेच्या बाबतीत मात्र हटत नाही. आणखी एक शंका: बिटची लांबी 150 मिमी आणि भिंत 260. दुकानदार म्हणतो एक्स्टेन्शन घ्या.

भुसावळचा कोअरवाला
बिट भरला की बाहेर काढ, आतला गाभा छन्नीने तोड, मग एक्स्टेन्शन लावून पुढे जा. त्याआधी मधोमध पायलटने, म्हणजे बारीक बिटने, आरपार भोक पाड आणि निम्मं पलीकडून काप. मग गिलावा उखडत नाही.

पारोळ्याची काकू
आणि पलीकडे कुणाचं देवघर आहे का, ते आधी विचार.

अमळनेरचा नळवाला
विचारतो काकू. कोरडंच घेतोय. आणि भुसावळच्या भो, पारोळा रोडला एका जुन्या घराचं दगडी काम आलंय, ते तुला देतो.

भुसावळचा कोअरवाला
दे की. पण व्यास नि खोली इंचावर मोजून पैसे घेईन. धाग्यावर भांडलास म्हणून सूट नाही.