मदत हवी आहे: घरच्या ज्येष्ठांसाठी ओगिगामीच्या धाटणीचा जपानी सिनेमा

आई-बाबा आणि मावशीसोबत जपानी दिग्दर्शिका नाओको ओगिगामीचा 'कामोमे शोकुदो' (2006) पाहिला. हेलसिंकीतलं ओनिगिरीचं (जपानी भाताच्या गोळ्यांचं) ते रिकामं हॉटेल सगळ्यांना फार आवडलं. कॉफी पावडरीत बोट खुपसून 'कोपी लुवाक' (एका कॉफीचं नाव) म्हणायचा मंत्र तर मावशी आता रोज सकाळी म्हणते!

आता त्याच जातीचं पुढचं काही हवंय. तिचाच 'मेगाने' (2007) लावून पाहिला. योरोन बेटावरचा समुद्र छान, पण बाबा मध्यंतरापर्यंतही टिकले नाहीत. 'ताम्पोपो' हा खाण्यावरचा जपानी सिनेमा मला स्वतःला प्रचंड आवडतो, पण त्यातले एक-दोन प्रसंग आईसमोर? नको. दिग्दर्शक कोरेएदाचे सिनेमे सुचवू नका प्लीज, रडारड नकोय.

अटी: दोन तासांच्या आत, मारामारी नाही, थोडं तरी हसू. इंग्रजी सबटायटल्स लागतीलच, पण मावशी सावकाश वाचते, म्हणून संवाद कमी असलेले बरे. भारतात रीतसर भाड्याने किंवा विकत मिळायला हवा.

एकट्या माणसांना मांजरं भाड्याने देणाऱ्या बाईचा, ओगिगामीचाच 'रेंटानेको' (2012) डोक्यात आहे. कुणी पाहिलाय का? 'मेगाने'पेक्षा कमी संथ आहे का, आणि नसेल तर त्याऐवजी कोणता लावू?