अनुभव धागा: मोठेपणी सेलिंग क्लबात शिरताना

चाळिशी-पन्नाशी ओलांडल्यावर शिडाची होडी शिकायची, आणि तीही क्लबात, चार लोकांबरोबर, असं मनात असणारे बरेच जण आहेत. मुंबई बंदरात, गोव्यात किंवा परदेशात जे नियमित पाण्यावर जातात त्यांनी इथे, वर आपलं टोपणनाव टाकून, लिहावं. पहिल्यांदा पाण्यात कसा पडलो वगैरे किस्से दुसऱ्या धाग्यावर. इथे फक्त नव्या माणसाला उपयोगी पडेल असं: काय विचारायचं, काय घ्यायचं, काय बिघडतं आणि का.

जिबशीट

क्लबची इमारत, बार आणि रविवारचं जेवण बघून फॉर्म भरू नका. आधी एकच प्रश्न विचारा: माझी स्वतःची बोट नसेल तर मला महिन्यातून किती वेळा पाण्यावर जाता येईल, आणि कोणाच्या बोटीवर? उत्तर गुळमुळीत आलं तर समजा की तिथे सभासदत्व मिळेल, सेलिंग मिळेलच असं नाही.

पैसे चार-पाच वाटांनी जातात: प्रवेश फी, वार्षिक वर्गणी, दर फेरीचं बोटीचं भाडं, शिकवणीचं शुल्क, पाहुणा नेलात तर त्याचे वेगळे. वार्षिक वर्गणीत पावसाळ्याचे चार महिने धरलेले असतात आणि त्या काळात बोटी पाण्यात नसतात, म्हणून वर्गणीला आठाने भागून महिन्याचा खर्च काढा. बोटीला पोचा पडला किंवा शीड फाटलं तर भरपाई कोण करतं, विम्यात तिसऱ्याचं नुकसान धरलं आहे का, हे लेखी घ्या. जुन्या क्लबात प्रस्तावक आणि अनुमोदक लागतात. ओळख नसेल तर क्लबचा किंवा एखाद्या सेलिंग शाळेचा सुरुवातीचा कोर्स करा. तिथे भेटलेला शिक्षकच बहुधा पुढे तुमचं नाव सुचवतो.

बिनबोटीच्या माणसाचा खरा मार्ग म्हणजे क्रू होणं. जे-२४ या शर्यतीच्या बोटीला शर्यतीत साधारण पाच माणसं लागतात आणि दर रविवारी एखाद्याच्या घरी लग्न असतंच. स्किपर (बोट चालवणारा) कौशल्य नंतर बघतो, आधी बघतो की माणूस सांगितलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी येतो का आणि शर्यत संपल्यावर शिडं घडी करायला थांबतो का.

उधाणभांग

मुंबईत नव्या माणसाला वाऱ्यापेक्षा भरती-ओहोटी जास्त छळते, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

बंदरात उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो, कधी त्याहून जास्त. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) तो दीड-दोन मीटरवर येतो. भरतीची ढोबळ वेळ कोकणात सगळ्यांना येते तशीच काढायची: तिथीची पाऊणपट. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सव्वासहा तासांनी ओहोटी. घरी बेत ठरवायला हे पुरतं, पाण्यावर जाताना मात्र छापील तक्ताच बघा.

आता हे महत्त्वाचं का? उधाणाच्या ओहोटीला बंदरातला प्रवाह दोन-तीन नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) होतो. वारा पाच-सहा नॉटचाच असेल तर होडीचा वेगही दोन-तीन नॉटच. म्हणजे शीड भरलेलं, होडी कललेली, मागे पाणी कापलेलं दिसतंय आणि गेटवे आहे तिथेच. अशा वेळी जास्त जोर लावून उपयोग नाही. कमी पाण्याच्या कडेला सरका, तिथे प्रवाह मंद असतो, किंवा सरळ नांगर टाकून ओहोटी सरण्याची वाट बघा. होडीत नांगर आणि पुरेसा दोर आहे का हे निघतानाच बघायचं. खोलीच्या किमान पाचपट दोर लागतो. दहा मीटर पाण्यात वीस मीटर दोर सोडला तर नांगर चिखलात रुतत नाही, नुसता घसरत राहतो.

प्रवाह वेळेनुसार सारखा नसतो. सहा तासांतल्या पहिल्या तासात बाराव्या हिश्श्याइतकं पाणी हलतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणून परतीची वेळ तिसऱ्या-चौथ्या तासात येऊ देऊ नका. पौर्णिमेच्या रविवारी दुपारी दोनला निघून चारला परतायचं ठरवलंत तर भर ओहोटीत अडकलातच.

आणखी एक. ओहोटी बाहेर वाहते आणि दुपारचा वारा आत येतो. दोन्ही समोरासमोर आले की तोकड्या, उभ्या लाटा उठतात. वाऱ्याचा आकडा तोच असला तरी पाणी दुप्पट खवळलेलं वाटतं.

दोनापावलेकर

वाऱ्याबद्दल थोडक्यात. भूगोलात शिकलेले मतलई आणि खारे वारे हेच इथलं वेळापत्रक. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून वारा, दहा-अकराच्या सुमारास वारा पडलेला, मग दुपारी वायव्येकडून समुद्राचा वारा. नवशिक्यांना सकाळ बरी, पण त्या मधल्या पडलेल्या वाऱ्यात होडी तासभर तरंगत बसते याची तयारी ठेवा. फेब्रुवारीपासून पुढे दुपारचा वारा वाढत जातो. डिंगीत (एका-दोघांच्या शिडाच्या छोट्या होडीत) शिकताना १० नॉटपर्यंत मजा, १५ ला घाम, त्याच्या वर किनाऱ्यावर बसून बघा. समुद्रावर पांढरे फेसाळ तुरे जागोजाग दिसू लागले की १२-१५ झाले असं धरा.

कललेली डोलकाठी

डिंगी उलटणारच. एंटरप्राइज, जीपी-१४, लेझर, कोणतीही असो. शिकवणीत मुद्दाम उलटवून दाखवत नसतील तर ती शिकवणी अपुरी आहे. दोघांच्या डिंगीत क्रम असा:

आधी एकमेकांना हाक मारा. दोघंही दिसल्याशिवाय पुढचं काही नाही. मग दोन्ही शिडांचे शीट (शीड ताणायचे दोर) क्लीटमधून, म्हणजे दोर अडकवायच्या खाचेतून, मोकळे करा. हे राहिलं तर होडी सरळ होताक्षणी शीड वारा धरतं आणि ती पुन्हा आडवी होते, पंधरा मिनिटं तेच चालू राहतं. एकाने होडीच्या मागून फिरून सेंटरबोर्डकडे (होडीच्या मध्यातून खाली पाण्यात उतरणाऱ्या फळीकडे) जायचं, जाताना मेनशीटचं (मोठ्या शिडाच्या दोराचं) टोक हातात ठेवायचं म्हणजे होडीपासून सुटत नाही. होडी सोडून पोहत किनाऱ्याकडे कधीही निघू नका, माणसाचं डोकं पाण्यात दिसत नाही, होडी दिसते. दुसऱ्याने आत, पाण्यावर आडवं पडून पायपट्टा (होडीत पाय अडकवायचा पट्टा) नुसता धरायचा, अंगाचा भार द्यायचा नाही. पहिला सेंटरबोर्डवर चढला की होडी उठते आणि दुसरा आपोआप आत उचलला जातो. सेंटरबोर्डच्या टोकाला उभं राहून उड्या मारू नका, फळी मुळाशी तडकते. जमेल तेव्हा होडीचं तोंड आधी वाऱ्याकडे वळवून मग उचला.

होडी पूर्ण उपडी झाली आणि पाणी कमी असेल तर डोलकाठीचं टोक तळाच्या चिखलात रुततं. मुंबईत ओहोटीला हे सहज घडतं. तिथे अंगाच्या ताकदीने झटके दिले तर डोलकाठी वाकते. रेस्क्यू बोट येईपर्यंत होडीवर बसून राहा. डोलकाठीच्या टोकाला फुगा बांधलेला असेल तर ही वेळ येतच नाही, पण दिसायला नवशिक्यासारखं वाटतं म्हणून लोक तो काढून ठेवतात. ठेवू द्या त्यांना.

पन्नाशीनंतरची खरी अडचण होडी सरळ करण्याची नसते, पाण्यातून पुन्हा आत चढण्याची असते. हातात तेवढा जोर राहत नाही आणि लाइफ जॅकेट कडेला अडकतं. उपाय स्वस्त आहे: जाडसर दोराचा फास मागच्या बाजूला पक्का बांधून ठेवा, इतका लांब की पाय पाण्याखाली गुडघाभर खोलीवर त्यात बसेल. उथळ बांधला तर गुडघा छातीपर्यंत जातो, खोल बांधला तर पाय होडीखाली ओढला जातो.

निघण्याआधी हवेच्या टाक्यांची बुचं लावली आहेत का ते हाताने चाचपा. होडी अकारण जड आणि सुस्त वाटत असेल तर दहातल्या नऊ वेळा बूच राहिलेलं असतं.

सावलीप्रेमी

गुडघे दुखतात, चष्मा आहे, बीपीची गोळी चालू आहे. चालेल का?

जिबशीट

चालेल, पण डिंगीऐवजी किलबोटीपासून, म्हणजे तळाला जड किल (फाळ) असलेल्या बोटीपासून, सुरुवात करा. किलच्या वजनामुळे ती सहसा उलटत नाही, बसायला जागा असते, गुडघे सतत मोडावे लागत नाहीत. मुंबईतल्या जुन्या सीबर्ड किंवा जे-२४ वर साठीतले लोक सर्रास दिसतात. चष्म्याला मानेमागून पट्टा, नाहीतर तो पहिल्याच फेरीत तळाला जातो. लघवी वाढवणारी गोळी असेल तर वेळेबद्दल डॉक्टरांशी बोला. बोटीवर संडास नसतो आणि फेरी तीन-चार तासांची असते, हे क्लबात कोणी आधी सांगत नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर स्किपरला सांगून ठेवा, कारण इथे डोक्याला बूम (मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा) लागणं हा नेहमीचा अपघात आहे.

पाणी माणशी दीड-दोन लिटर. कपडे सुती नकोत, ओले झाले की वाळत नाहीत. लांब बाह्यांचा पटकन वाळणारा सदरा बरा. सनस्क्रीन तोंडाला, मानेला, पावलांच्या वरच्या बाजूला लावा. तळहातांना आणि मांडीच्या मागे लावलंत तर दोर निसटतो आणि बोटीवरून घसरता. जुने बूट हवेतच, कारण धक्क्याच्या पायऱ्यांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात.

डेकवरचा तिसरा

क्रूचं काम बाहेरून वाटतं तेवढं अवघड नाही, पण क्रम चुकला की सगळ्यांना त्रास होतो. टॅक घेताना, म्हणजे बोटीचं तोंड वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळताना, स्किपर 'रेडी अबाउट' म्हणेल. तुम्ही आत्ता ताणलेला जिबशीट (जिब या पुढच्या शिडाचा दोर) क्लीटमधून सोडवून हातात धरायचा, 'रेडी' म्हणायचं आणि थांबायचं. 'ली-हो' (वळतोय) आल्यावर लगेच सोडायचा नाही. जिब फडफडू लागलं की सोडा. लवकर सोडलात तर बोट वळणाच्या मधेच वाऱ्याच्या तोंडावर अडकते, उशिरा सोडलात तर जिब उलटं भरून बोटीला हवं त्याहून जास्त फिरवतं. दुसऱ्या बाजूला विंचवर (दोर ओढायच्या फिरत्या ड्रमवर) घड्याळाच्या दिशेने आधी दोन वेढे, दोर हाताने भराभर ओढून घ्या, ताण आला की तिसरा वेढा आणि मग हँडल. आधीच तीन-चार वेढे घातले तर दोर दोरावर चढून जाम होतो. बोटं ड्रमपासून वीतभर लांब. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही.

जाइब म्हणजे वारा मागून असताना बूम एका बाजूकडून दुसरीकडे जाणं. ती क्षणात जाते. डोकं खाली घ्यायचं ते हुकूम ऐकून नाही, वारा मागे गेला की आपणहून.

गाठी तीनच पक्क्या करा: बोलाइन (न आवळणारा फास), इंग्रजी आठाच्या आकड्याची गाठ आणि क्लीटवरची फास. डोळे मिटून, ओल्या दोराने जमल्या पाहिजेत.

कोळीवाड्याचा शेजारी

बंदरात पिशवीसारखी डोल जाळी खुंटांना बांधून लावलेली असतात. वर फक्त बोये दिसतात, कधी साधे प्लास्टिकचे कॅन. ओहोटीच्या जोरात तेही पाण्याखाली ओढले जातात. बोये ओळीत दिसले तर मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. जाळं किलला किंवा सुकाणूला अडकलं तर सुरी काढण्याआधी शिडं उतरवा आणि मागे सरकून सुटतं का बघा. त्या जाळ्यावर कोणाचं तरी घर चालतं.

मांडवा आणि घारापुरीच्या लाँचेस सरळ येतात. शिडाच्या होडीला यांत्रिक बोटीने वाट द्यायची हा नियम खरा, पण अरुंद जलमार्गात मोठ्या जहाजाला तुम्ही अडथळा करायचा नाही, हाही नियमच. समोरच्या जहाजाची दिशा होडीवरून एकाच कोनात राहून ते मोठं होत चाललं असेल तर टक्कर ठरलेली आहे. आत्ताच वळा, आणि त्याला कळेल इतकं ठळक वळा. जवाहर द्वीपाचं तेल टर्मिनल आणि नौदलाच्या हद्दीपासून लांब राहा. अडचणीत व्हीएचएफ रेडिओचा १६ नंबरचा चॅनेल, फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

बे एरियाकर

इकडच्या, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, मराठी मंडळींसाठी. बर्कलीचा कॅल सेलिंग क्लब सभासदांच्या श्रमावर चालतो: शिकवणारेही सभासदच, बोटी दुरुस्त करणारेही. त्यामुळे स्वस्त आहे, पण नुसती फी भरून बाजूला उभं राहता येत नाही. उन्हाळ्यात दुपारी गोल्डन गेटमधून येणारा वारा २० नॉटवर सहज जातो आणि पाणी १५ अंशांच्या आसपास. वेटसूटशिवाय उलटलात तर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, दहा-पंधरा मिनिटांत बोटं दोर धरत नाहीत. पाण्यात पडल्यावर आधी फक्त तरंगा, श्वास ताळ्यावर आला की मगच हालचाल. वेटसूट अंगाला घट्टच हवा. ऐसपैस घेतला तर आतून थंड पाणी फिरत राहतं.

सावलीप्रेमी

आणि पावसाळ्यात काय करतात?

उधाणभांग

जून ते सप्टेंबर बोटी वर ओढलेल्या असतात. हे महिने वाया घालवू नका, नव्या माणसाला क्लबात ओळख होते ती इथेच. तळाचं शेवाळ आणि शंखशिंपले खरवडणं, लाकडी बोटीला घासकागद आणि व्हार्निश, शॅकलच्या (जोडकड्यांच्या) पिना बदलणं, डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांचं एकेक सूत तपासणं. तारेवरून कापूस फिरवा. कापूस अडकला तिथे सूत तुटलं आहे, ती तार बदलायची. शिडं गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि दर वेळी वेगळ्या जागी घडी घाला, नाहीतर त्याच घडीवर कापड चिरतं. बोट पाण्यात उतरवायच्या आधी प्रत्येक स्प्लिट पिनेवर चिकटपट्टी, म्हणजे जिब तिथे अडकून फाटत नाही. यादी क्लबच्या बोटमनकडे असते, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाऊन त्यांनाच विचारा.