सोनीची फोर-के फाईल टाइमलाइनवर अडकतीय, नवीन पीसी घरीच असेंबल करू का? (कोल्हापूर)

शिवाजीपेठ_शूटर:
राम राम मंडळी. मी आणि माझा चुलतभाऊ मिळून लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतोय, साखरपुडा बारसं सगळंच घेतो, प्री-वेडिंगला पन्हाळा नाहीतर रंकाळा ठरलेलंच. आतापर्यंत कसला त्रास नव्हता पण यंदा सोनीची नवीन कॅमेरा बॉडी घेतली आणि तिची फोर-के फाईल प्रीमियरच्या (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) टाइमलाइनवर टाकली की सगळं चिकटतंय. हळदीच्या शॉटवर प्ले दाबलं की आवाज पुढं निघून जातोय आणि चित्र तिथंच, हळद लावणारा हात हवेतच थांबलेला. दोन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम तर नावच काढू नका.

आत्ताचा पीसी: आय५-९४००एफ, डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, जीटीएक्स १६५०, सिस्टीमला २४० जीबीची साटा एसएसडी आणि २ टीबीची हार्ड डिस्क.

राजारामपुरीतल्या एका दुकानातनं कोटेशन आणलंय: आय७-१४७००एफ, बी७६० बोर्ड, १६ जीबी डीडीआर५, आरटीएक्स ३०५० ६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, काचेचं कॅबिनेट त्यात सहा आरजीबी फॅन, आणि एसएमपीएसपुढं (पीसीला वीज पुरवणारा डबा) नुसतं ६५० वॅट लिहिलंय, कंपनीचं नाव नाही. बजेट ७० हजारापर्यंत ताणू शकतोय, हे त्याच्याही वर चाललंय. म्हणून वाटतंय पार्ट स्वतः आणून घरीच जोडावं. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतोय, त्याच्या आत मशीन उभं पाहिजे. काय घेऊ, काय नको, आणि घरी जोडणं झेपंल का, मनापासून सांगा.

गल्ली_नंबर_नऊ:
भावा त्या कोटेशनला ॲडव्हान्स देऊ नकोस. तुझ्या कामाला सगळ्यात महाग पडणारं अक्षर त्यात आहे ते म्हणजे १४७०० च्या पुढचा एफ. इंटेलमध्ये एफ म्हणजे प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स बंद. गेमवाल्याला त्यानं काही फरक पडत नाही, तो वेगळं कार्ड लावतोच, पण एडिटिंगवाल्याचं त्या आतल्या ग्राफिक्सबरोबर क्विक सिंक पण जातं, आणि क्विक सिंक म्हणजे व्हिडिओ फाईल उलगडायचं वेगळं हार्डवेअर. ते नसलं की सगळं ओझं कोअरवर येतं. तुझ्या जुन्या ९४००एफ मध्ये पण एफच आहे बघ.

मी असतो तर आय५-१४५०० घेतला असता. १४४०० पण मिळतोय स्वस्तात पण त्यात आतलं ग्राफिक्स यूएचडी ७३० आहे, एकच मीडिया इंजिन, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा भाग एकच. १४५०० मध्ये यूएचडी ७७०, त्यात दोन, मल्टिकॅमला हे कामाला येतंय. बोर्ड बी७६० च पण डीडीआर४ वाला, कारण त्या सॉकेटला दोन्ही प्रकारचे बोर्ड निघतात, म्हणजे तुझ्या जुन्या पट्ट्या वाया जात नाहीत. २०२५ संपता संपता रॅमचे भाव जे चढले ते बघता हे लय मोठं वाचणं आहे, मेमरी कंपन्या माल एआय सर्व्हरकडं वळवाय लागल्यात, मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल ब्रँडचा ग्राहकांचा धंदाच बंद करायचं जाहीर केलं. फक्त बोर्डला रॅमचे चार स्लॉट आहेत का बघ, स्वस्तातल्या बोर्डांना दोनच असतात आणि मग नवीन पट्टी लावायला जुनी काढावी लागते.

एसएमपीएसचं सांगतो, नाव नसलेला अजिबात नको. त्याच्या अंगावरचं स्टिकर वाच. वर ४५० वॅट लिहिलेलं असतंय आणि खाली १२ व्होल्टपुढं १६ अँपिअर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट, प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही त्या १२ व्होल्टवरच जगतात. बाकी आकडा कागदावरचा.

इचलकरंजीकर:
वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट विचारल्याशिवाय पार्ट ठरवू नका. शूटर दादा, कॅमेऱ्यात फाईल फॉरमॅट एक्सएव्हीसी एस आहे का एक्सएव्हीसी एचएस? दिसायला एका अक्षराचा फरक आहे पण सगळं त्याच्यावर आहे. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, एक क्लिप त्यात टाका आणि फॉरमॅट, क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती ठेवली), बिट डेप्थ (छटा किती बारीक) या तीन ओळी इथं लिहा.

शिवाजीपेठ_शूटर:
टाकलं. फॉरमॅट एव्हीसी, क्रोमा ४:२:२, बिट डेप्थ १०. कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एस फोर-के, २५पी (सेकंदाला २५ फ्रेम). कलर ग्रेडिंगला रंग जास्त मिळतात म्हणून ४:२:२ १० बिट ठेवलंय, आणि खरंच मिळतात, शालूचा रंग आता हवा तसा येतोय.

इचलकरंजीकर:
मग ऐका. एव्हीसी म्हणजे एच.२६४. इंटेलच्या १२, १३, १४ व्या पिढीचं क्विक सिंक ४:२:२ १० बिट उलगडतं ते एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ मधलं. एच.२६४ मधलं ४:२:२ १० बिट ते घेतच नाही. म्हणजे तुम्ही १४५०० आणला असता, हौसेनं जोडला असता, आणि हळदीचा शॉट परत अडकला असता, थोडा कमी एवढंच, ते पण कोअर जास्त आहेत म्हणून. एनव्हिडियाच्या ५० सीरिजच्या आधीच्या कार्डांत ४:२:२ चं डिकोडिंगच (फाईल उलगडणं) नाही, त्यामुळं तुमचं १६५० आणि कोटेशनमधलं ३०५० दोन्ही या कामाला बघ्याच्या भूमिकेत.

आता दोन वाटा. एक, कॅमेरा एक्सएव्हीसी एचएस वर नेणं, ती फाईल एच.२६५ असते, क्विक सिंकला चालते. पण बऱ्याच सोनी बॉडीत एचएसला फोर-के २५पी दिसत नाही, ५०पी घ्यावं लागतं, नाहीतर कॅमेरा एनटीएससी या अमेरिकी पद्धतीवर करून २४पी. आणि आपल्याकडं लाइट ५० हर्ट्झची, कार्यालयातल्या एलईडी माळा २४पी ला शटर चुकलं की फडफडतात, स्टेजवरच्या पाठीमागच्या लायटिंगवर पट्टे पळताना दिसतात. त्यामुळं २५ नाहीतर ५० सोडू नका.

दुसरी वाट, आरटीएक्स ५०६०. ५० सीरिजमध्ये ४:२:२ चं डिकोडिंग आलंय, एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हीचं. प्रीमियरची आवृत्ती मात्र नवी पाहिजे, हा सपोर्ट २०२५ मध्ये आला. आणि हे कार्ड तुमच्या आहे त्या मशीनमध्ये बसतं. बोर्डचा कार्ड-स्लॉट जुन्या पिढीचा, पीसीआयई ३ चा आहे, कार्ड आठच लेनचं (डेटाच्या आठच वाटा), तर गेममध्ये थोडा फरक पडेल, एडिटिंगला फारसा जाणवत नाही. कार्ड १४५ वॅटचं, एक ८ पिन कनेक्टर लागतो, एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. म्हणजे माझ्या मते कार्ड, चांगला एसएमपीएस आणि एक एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी), बास. नवीन पीसीच नको आत्ता.

गल्ली_नंबर_नऊ:
मान्य, हे एस-एचएसचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, भारी पॉइंट काढलास मर्दा. तरी माझं एवढं म्हणणं राहतंय की ९४००एफ ला सहाच थ्रेड (एकावेळी सहाच कामं), वॉर्प स्टॅबिलायझर (हलता शॉट स्थिर करणं) आणि नॉइज रिडक्शन लावलं की तो दमणार. पण ते वर्षभरानं बदलता येतंय, कार्ड आणि एसएमपीएस तेच पुढच्या मशीनला जातील. पुढं १४५०० लावशील तेव्हा बायोसमध्ये (बोर्डची मूळ सेटिंग) आयजीपीयू मल्टि-मॉनिटर चालू कर, आयजीपीयू म्हणजे ते आतलं ग्राफिक्स, वेगळं कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात आणि माणूस विचार करत बसतो क्विक सिंक कुठं गेलं.

कार्ड घालायच्या आधी जुन्या बोर्डचा बायोस अपडेट कर आणि बूट यूईएफआय (नवी पद्धत) वर आहे का बघ, सीएसएम (जुन्या पद्धतीचा बूट) बंद. जुन्या पद्धतीच्या बूटवर ५०६० ला काळी स्क्रीन यायच्या तक्रारी झालेल्या, एनव्हिडियानं त्यासाठी फर्मवेअरचं टूल पण काढलंय. विंडोज जर लेगसी मोडमध्ये टाकलेलं असेल तर सीएसएम तसंच बंद केल्यावर ते उठणार नाही, आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची करून घ्यावी लागते.

एडिटवाली_ताई:
दादा, मी गेली बरीच वर्षं फक्त लग्नंच एडिट करते म्हणून सांगते, आजच्या आज, एक रुपया न घालता काम चालू करायचं असेल तर प्रॉक्सी करा. इंजेस्ट करतानाच, म्हणजे क्लिप प्रीमियरमध्ये घेतानाच, १०८० च्या हलक्या फाईली बनवायला लावायच्या आणि रात्री मशीन चालू ठेवून झोपायचं. सकाळी कट करायला घ्या, मल्टिकॅमसुद्धा लोण्यासारखं पळतं, एक्सपोर्ट मात्र मूळ फाईलीवरूनच होतं त्यामुळं क्वालिटीला धक्का नाही. ग्रेडिंग करताना प्रॉक्सीचं बटण बंद करायचं एवढं लक्षात ठेवा, नाहीतर शालूचा रंग तुम्ही चुकीच्या फाईलवर बघत बसाल.

आणि एसएसडीबद्दल कुणी नीट बोललं नाही. सगळं एका २ टीबीच्या हार्ड डिस्कवर चाललंय ना? १ टीबीची एनव्हीएमई घ्या, तिच्यावर चालू असलेलं लग्न आणि मीडिया कॅश (प्रीमियरच्या तात्पुरत्या फाईली), दोन्ही. तुमच्या बोर्डला एम.२ स्लॉट कुठला आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, काही स्लॉट फक्त साटा चालवतात आणि काही एनव्हीएमई लावली की शेजारचे एक-दोन साटा पोर्ट बंद करतात. मग हार्ड डिस्क दिसेना म्हणून घाबरायला होतं.

काम झालेलं लग्न मोठ्या हार्ड डिस्कवर, आणि त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरात. दोन प्रती झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आमच्याकडं हा नियम कुणासाठी मोडत नाही. पाठवणीचा रिटेक होत नसतो.

उद्यमनगर_वायरमन:
पोरांनो सगळं छान सांगितलंत, मी लाइटीचं सांगतो. शूटर, पेठेत जुनं घर आहे का? पायात चप्पल नसताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बारीक मुंग्या येतात का? येत असतील तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही, नुसतं तिसरं भोक आहे. एसएमपीएसच्या आत तोंडालाच फिल्टरचे कपॅसिटर असतात, अर्थिंग तुटलं की पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगतं. त्याच पत्र्याला तुमची हार्ड डिस्क, एचडीएमआय वायर, कॅमेऱ्याची यूएसबी सगळं जोडलेलं. ३० हजाराचं कार्ड बसवायच्या आधी वायरमन बोलवा, फेज ते अर्थ जवळजवळ फेज ते न्यूट्रलएवढंच आलं पाहिजे आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हे स्वतः करत बसू नका.

यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो ३६० वॅटचाच असतो, नवीन कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून एक्सपोर्टच्या वेळी त्याच्या काठावर जाणार. १००० व्हीएच्या पुढचा घ्या. पावसाळ्यात आपल्याकडं लाइट जाते-येते ती चारचारदा, एक्सपोर्ट ९० टक्क्यांवर असताना गेली की जीव जातो.

जोडायचं म्हणाल तर तुमचं काम आता तसं थोडं आहे. वायर काढून पाच मिनिटं थांबा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला चार्ज घालवा, मग हात लावा. जुना एसएमपीएस काढताना त्याची एकही केबल नवीनला वापरू नका, मॉड्युलर असला तर कनेक्टर एकसारखा दिसतो पण आतली जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, हार्ड डिस्क जागेवर जळते. प्रोसेसरचा ८ पिन आणि ग्राफिक कार्डाचा ८ पिन पण वेगळे, सीपीयू आणि पीसीआयई असं त्यावर छापलेलं असतं, जोर लावून घालायचा नाही. कार्ड स्लॉटमध्ये घालताना टोकाची खिट्टी टक् वाजली पाहिजे आणि मागचा स्क्रू लावल्याशिवाय कॅबिनेट उभं करू नका.

शिवाजीपेठ_शूटर:
सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. मुंग्या येतात काका, आम्हाला वाटायचं सगळ्यांच्याच कॅबिनेटला येतात. तर ठरलं असं: आधी अर्थिंग, मग ५०६० ८ जीबी, ५५० किंवा ६५० वॅटचा नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस, १ टीबी एनव्हीएमई आणि यूपीएस. प्रोसेसर-बोर्ड पुढच्या वर्षी. ताई, प्रॉक्सी आज रात्रीपासूनच लावतोय, गडहिंग्लजचं एक लग्न लटकलंय. शेवटचा प्रश्न, कार्ड ऑनलाइन घेऊ का इथंच? आणि काम झालं का नाही हे कळणार कसं?

इचलकरंजीकर:
फरक हजार-पाचशेचा असेल तर इथंच घ्या, पण बिलावर सीरियल नंबर आणि जीएसटी लिहून घ्या, आणि वॉरंटी कंपनीची किती आणि माल जमा करायचा कुठं हे दुकानातच विचारा. स्टुडिओचा जीएसटी नंबर असेल तर तो पण टाकायला लावा, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतंय. आणि कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मोजून जा, दोन फॅनवालं घ्या, तीन फॅनवाल्याचा तुम्हाला उपयोग नाही.

कळायचं सोपं आहे. मॉनिटरची वायर नवीन कार्डालाच लावा, तीच क्लिप टाइमलाइनवर चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डिकोडचा आलेख बघा. तो वर गेला आणि सीपीयू खाली बसला की झालं. तो शून्यावरच पडून असेल तर प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंगला एनव्हिडियाची टिक आहे का बघा, प्रीमियर बंद करून परत उघडा, आणि तरी नाही झालं तर मीडियाइन्फोची तीच ओळ परत इथं टाका, बघू.