वाचलेली भीती, पाहिलेली भीती (अनुभव धागा)

भयकादंबरी आणि तिच्यावरचा सिनेमा असा विषय निघाला की गप्पा दोनच वळणं घेतात. एक, 'मूळ पुस्तकच भारी'. दोन, 'सिनेमा पाहिलाय, आता कशाला वाचू?' इथे तो निकाल लावायचा नाहीये. एवढंच सांगा: पुस्तकातली नेमकी कुठली जागा तुमच्या मनात ठाण मांडून बसली, आणि पडद्यावर किंवा रंगमंचावर तिचं काय झालं? सांगताना रहस्यं फुटणारच, तेव्हा ज्यांचं वाचायचं राहिलंय त्यांनी जपून.

माझ्यापासून सुरू करते. शर्ली जॅक्सनची 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' (१९५९). झपाटलेल्या घरात राहायला आलेल्या एलेनॉर आणि थिओ एकाच खोलीत झोपलेल्या आहेत. काळोखात कुणाचं तरी पुटपुटणं ऐकू येतं, मग लहान मूल रडल्यासारखा आवाज. एलेनॉर थिओचा हात गच्च धरून पडून राहते. दिवे लागतात तेव्हा थिओ तिकडे आपल्या पलंगावर, नुकतीच झोपेतून दचकून उठलेली. मग इतका वेळ हातात हात कुणाचा होता? जॅक्सनबाई या प्रश्नाला एक वाक्य देतात आणि पुढच्या प्रसंगाकडे निघून जातात. मी मात्र तिथेच. पुढे कित्येक महिने मी पांघरुणाबाहेर हात काढून झोपले नाही, आणि यात काडीचीही अतिशयोक्ती नाही.

रॉबर्ट वाइजचा १९६३ चा सिनेमा पाहिला तो 'हे कसं दाखवणार?' या खुन्नसने. तर त्याने काही दाखवलंच नाही! कॅमेरा एलेनॉरच्या चेहऱ्यावर आणि भिंतीवरच्या नक्षीवर. बघता बघता त्या नक्षीतच एक चेहरा दिसायला लागतो. अख्ख्या सिनेमात भूत म्हणून काही येत नाही, फक्त एक बंद दार आतल्या बाजूला फुगतं. १९९९ च्या आवृत्तीत मात्र सगळं घर हलतंय, पुतळे जिवंत होतायत. मी हसले. २०१८ ची मालिका म्हणजे फक्त नाव आणि घर घेऊन रचलेली वेगळीच गोष्ट, पण ती मला आवडली. तिच्यात भुतांपेक्षा भावंडं जास्त आहेत.

आता तुम्ही.

*

माझी गंमत उलटी आहे. मी आधी नारायण धारपांची 'लुचाई' वाचली. शाळेत होतो, लपवून वाचली. ती माझ्यासाठी धारपांचीच. पुढे कॉलेजात स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' (१९७५) हातात आली आणि पन्नासेक पानांनंतर वाटायला लागलं, अरे, या गावात मी येऊन गेलोय! मागाहून कळलं की 'लुचाई' त्याच कादंबरीवर बेतलेली आहे. आधी फसवल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग लक्षात आलं की मूळ कादंबरी वाचताना मला भीती वाटतच नव्हती. माझी भीती धारपांनी मराठीत आधीच वापरून टाकली होती.

सिनेमाबद्दल: टोब हूपरने १९७९ मध्ये टीव्हीसाठी दोन भागांत केलं. रात्री खिडकीबाहेर मेलेला मुलगा तरंगत येतो, काचेवर नखं घासतो आणि आत घे म्हणतो. तो प्रसंग आजही बघवत नाही. त्याच हूपरने खलनायक व्हॅम्पायर बार्लोचं मात्र वाटोळं केलं असं माझं मत. कादंबरीतला बार्लो गोडबोल्या आहे, सुसंस्कृत आहे, आणि म्हणून घातक आहे. पडद्यावर त्याला निळ्या चेहऱ्याचा, टकला, मुका राक्षस करून टाकलाय. जो बोलून माणसाला गुंडाळतो त्याची जीभच काढून घेतली तर उरलं काय?

*

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. 'द शायनिंग'.

आमच्या घरात दारू होती. वडील प्यायचे, मग सोडायचे. सोडलेले दिवस जास्त अवघड असायचे, कारण तेव्हा आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत बसायचो. किंगच्या कादंबरीतला (१९७७) जॅक टॉरन्स दारू सोडलेला माणूस आहे. हिवाळ्यात बंद असलेल्या हॉटेलाची राखण करायला तो बायको-पोराला घेऊन येतो. पूर्वी एकदा रागाच्या भरात त्याने पोराचा हात मोडलाय, आणि ते त्याला क्षणभर विसरता येत नाही. तो ओठ पुसत राहतो, डोकेदुखीच्या गोळ्या कोरड्याच चघळतो, लहानसहान अपमान मोजत बसतो. मला त्या हॉटेलातल्या भुतांची भीती वाटली नाही. २१७ नंबरच्या खोलीतली बाई आली तेव्हा उलट सुटल्यासारखं झालं, की चला, हे तरी खोटं आहे.

क्युब्रिकचा सिनेमा (१९८०) थोर आहे, मान्य. ते लांबच लांब कॉरिडॉर, तीनचाकीची चाकं गालिच्यावरून फरशीवर येतात तेव्हा बदलणारा आवाज, सगळं मान्य. पण जॅकच्या भूमिकेतला जॅक निकल्सन नोकरीच्या पहिल्या मुलाखतीतच वेडा दिसतो. जो आधीच तसा आहे तो घसरणार कुठून? किंगलाही हा सिनेमा आवडला नव्हता. १९९७ मध्ये त्याने स्वतः पटकथा लिहून मालिका करवून घेतली. ती पुस्तकाला धरून आहे आणि बरीच रटाळ आहे, हेही खरं.

माझी जागा शेवटाकडची. हॉटेलाने जॅकला पुरतं गिळलंय, तो पोरासमोर हत्यार घेऊन उभा आहे, आणि एका क्षणापुरता त्याच्या चेहऱ्यातून बाप वर येतो. पोराला सांगतो, पळ, आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे हे लक्षात ठेव. सिनेमात हे नाही. तिथे तो हॉटेलाबाहेरच्या झुडपांच्या चक्रव्यूहात गोठून मरतो. पुस्तकात बॉयलर फुटतो, कारण त्याचा दाब उतरवायचं जॅक विसरलेला असतो. माझे वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी ते पान वाचलं. बाकी काही लिहीत नाही.

*

वरच्या अनुभवानंतर माझा फारच पोरकट वाटेल, तरी सांगतो.

'रिंग'चा जपानी सिनेमा (१९९८) आधी पाहिला होता. एक शापित व्हिडिओ कॅसेट, ती पाहिली की सात दिवसांत मरण. टीव्हीतून सादाको, म्हणजे त्यातली भुताची मुलगी, सरपटत बाहेर येते, ते दृश्य कोण विसरेल? मग कोजी सुझुकीची मूळ कादंबरी (१९९१) मिळवली आणि त्या प्रसंगाची वाट बघत वाचत सुटलो. आता येईल, मग येईल. आलाच नाही! पुस्तकात सादाको टीव्हीतून बाहेर येतच नाही. ते सगळं दिग्दर्शक हिदेओ नाकाता आणि मंडळींचं. शिवाय सिनेमातली पत्रकार बाई पुस्तकात पुरुष आहे, आणि अख्खी कादंबरी चार मृत्यूंचा माग काढणाऱ्या तपासकथेसारखी चालते, पुढे पुढे तर साथीच्या रोगासारखी. कॅसेटची प्रत काढून दुसऱ्याला दाखवली तरच वाचाल, ही अट. वाचताना घाबरलो नाही. पण संपल्यावर पहिला विचार 'हे कुणाला तरी वाचायला द्यायला हवं' असा आला तेव्हा जरा गार पडलो.

*

'पेट सेमेटरी' (१९८३). मूल व्हायच्या आधी एकदा वाचली, मूल झाल्यावर एकदा वाचायला घेतली. दुसऱ्यांदा संपवता आली नाही.

घरामागे एक अशी जागा आहे की तिथे पुरलेलं मेलेलं परत येतं, पण बदलून. आणि घरासमोरच्या रस्त्यावरून अवजड ट्रक जातात, हे पहिल्या काही पानांतच कळतं. पुढे काय होणार ते वाचकाला ठाऊक असतं. किंग लपवतही नाही. किंगच्या स्वतःच्या मुलीचं मांजर अशाच रस्त्यावर मेलं होतं, त्यातून हे सुचलं. लिहून झाल्यावर त्यालाच ते अति वाटलं आणि त्याने हस्तलिखित बाजूला ठेवून दिलं होतं. पुढे एका प्रकाशकाशी झालेल्या कराराची पूर्तता म्हणून ते बाहेर आलं.

तर ती जागा. गेज, दीड-दोन वर्षांचा पोरगा, रस्त्याकडे धावतोय, बाप मागे. आणि एक प्रकरण असं येतं की बापाची बोटं त्याच्या जॅकेटला अगदी शेवटच्या क्षणी लागतात, तो ओढून घेतो, पोरगा वाचतो. मग तो मोठा होतो. शाळा, कॉलेज, पोहण्यात नाव काढतो, ऑलिंपिकपर्यंत जातो. तुम्ही वाचत जाता आणि पोटात कुठेतरी माहीत असतं. मग एका ओळीत ते सगळं काढून घेतलं जातं आणि बाप पुन्हा त्याच दिवसात. मी पुस्तक मिटून शेजारच्या खोलीत जाऊन बाळाच्या छातीवर हात ठेवून बसले. श्वास मोजत. नवरा म्हणाला, "तू हे वाचतेसच कशाला?" त्याला उत्तर नव्हतं.

१९८९ च्या सिनेमात ट्रक येतो, छोटा बूट रस्त्यावर पडतो, बाप ओरडतो. वाईट नाही. पण ती न घडलेली वर्षं सिनेमाला दाखवता आलेली नाहीत. २०१९ मध्ये तर गेजच्या जागी मोठी बहीणच मरते. धक्का देण्यासाठी केलं असावं. मला तो बदल हिशेबी वाटला. नऊ वर्षांची मुलगी परत येऊन बोलू शकते, भांडू शकते, दिग्दर्शकांना सोयीचं पडतं. जाणारं पोर इतकं लहान असणं, हीच तर मूळ गोष्टीतली असह्य बाब होती.

*

पाय मोडून प्लास्टरमध्ये सहा आठवडे आडवा होतो. मित्राने 'वेळ जाईल' म्हणून 'मिझरी' (१९८७) आणून दिली. तो मित्र आता मित्र राहिलेला नाही.

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अपघातात पाय मोडलेला लेखक, त्याची 'सर्वांत मोठी चाहती' असलेली माजी नर्स, आणि ती त्याला घराबाहेर पडू देत नाही.) सिनेमात ती घणाने त्याचे घोटे मोडते आणि लोक अजून त्या दृश्याबद्दल बोलतात. पुस्तकात ती कुऱ्हाडीने पाऊल तोडते आणि जखम ज्योतीने भाजून बंद करते. सिनेमावाल्यांनी सौम्य केलं, आणि मला वाटतं बरोबर केलं. तोडलेलं पाऊल पाहिलं असतं तर लोकांनी डोळे मिटले असते. घोट्याला चुकीच्या दिशेला वळताना सगळ्यांनी पाहिलं. कॅथी बेट्सला यासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, ते योग्यच.

*

कुणीतरी 'ड्रॅक्युला'चं नाव काढेल म्हणून थांबलो होतो.

ब्रॅम स्टोकरची कादंबरी (१८९७) पत्रं, रोजनिशी, तारा, कात्रणं यांनी बनलेली आहे आणि प्रत्येकावर तारीख आहे. एका वर्षी मी ती तारखेप्रमाणे वाचली. ३ मे ला जोनाथन हार्करची पहिली नोंद, आणि नोव्हेंबरात पाठलाग संपतो. मधे कित्येक दिवस काहीच नसायचं. हार्कर गढीत अडकलाय, काउंट भिंतीवरून पालीसारखा खाली डोकं करून उतरताना त्याने पाहिलाय, आणि आज त्याची नोंद नाही. उद्याही नाही. एकदमच वाचताना आपण पान उलटतो. तारखेने वाचताना वाट बघावी लागते, जशी त्याची वाग्दत्त वधू बघत होती.

एक दुरुस्तीही करतो, कारण हे नेहमी चुकीचं सांगितलं जातं. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे स्टोकरचं नाही. त्याचा काउंट दिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरतो, फक्त शक्ती कमी असते. उन्हात विरघळणं आलं मुर्नाऊच्या 'नोस्फेराटू'तून (१९२२). तो सिनेमा परवानगीविना केलेला होता, नावं बदलून. स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या, आणि प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपल्याला तो दिसतो. मारूनही न मेलेला सिनेमा. आणि मूळ पुस्तकात नसलेलं ऊन सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

*

नाटकाचं कुणी बोललंच नाही. 'द वुमन इन ब्लॅक'. सुझन हिलची छोटी कादंबरी (१९८३), तिचं नाटक १९८७ चं. लंडनला ते १९८९ पासून २०२३ पर्यंत चाललं. मी पाहिलं तेव्हा रंगमंचावर जवळजवळ काही नव्हतं. दोन नट आणि एक वेताची पेटी. तीच पेटी घोडागाडी, तीच टेबल. कुत्राही नाही, नुसता त्याच्याशी बोलणारा माणूस. आणि त्या नसलेल्या कुत्र्याच्या जिवाची मला काळजी लागली होती! मग बंद दारामागून डोलखुर्चीची लय सुरू झाली आणि माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी माझं मनगट पकडलं. मध्यंतरात आम्ही दोघींनीही त्याचा उल्लेख केला नाही. (धागाकर्तीच्या हाताच्या अनुभवात फरक इतकाच की माझ्याकडे हात कुणाचा ते माहीत होतं.)

२०१२ चा सिनेमा ठीक. शेवट गोड करायचा प्रयत्न केलाय, मूळ शेवटाला गोड बाजू नाही.

*

माझी आई आणि मी यांचं एक जुनं भांडण आहे. हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८). आड जागी असलेलं मोठं घर, दोन अनाथ मुलं, त्यांना सांभाळायला आलेली तरुण बाई. तिला मेलेली दोन माणसं दिसतात. ती खरंच आहेत की बाईंच्या डोक्यात? आई म्हणते भुतं आहेत. मी म्हणते बाईंचं डोकं फिरलंय. पुस्तक दोघींनाही पुरावे देतं, म्हणून ते कधी मिटलं नाही.

गेल्या वर्षी दोघींनी मिळून 'द इनोसंट्स' (१९६१) पाहिला. भर दिवसा तळ्यापलीकडे गवतात काळ्या कपड्यातली बाई नुसती उभी. आई लगेच, "बघ, तुलाही दिसली ना?" मी म्हटलं, कॅमेरा बाईंच्या डोळ्यांनी बघतोय, म्हणून दिसली. मग वर्गखोलीचा प्रसंग आला. ती मेलेली शिक्षिका टेबलाशी बसून रडते, नाहीशी होते, आणि बाई जवळ जाऊन पाटीला बोट लावते. पाटीवर अश्रूचा थेंब. ओला. आई माझ्याकडे वळली आणि काही बोललीच नाही. मला खरंच उत्तर सुचलं नाही. त्या रात्री मान्य करून टाकलं की बाई, जिंकलीस तू.

दुसऱ्या दिवशी पुस्तक काढून तो प्रसंग शोधला. टेबल आहे, मेलेली शिक्षिका आहे. थेंब नाही. तो सिनेमावाल्यांनी घातलाय. आईला अजून सांगितलेलं नाही.