मदत हवी आहे: फील्ड निवडू दिली की क्वेऱ्या वाढतात
नमस्कार मंडळी. जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये (पायथॉनमध्ये वेब एपीआय बनवायचं साधन) क्लायंटने यूआरएलमध्ये ‘फील्ड्स=नाव,सवलतीची किंमत’ असं मागितलं की सीरियलायझरच्या (डेटाचं जेसन उत्तरासाठी रूपांतर करणारा क्लास) इनिटमध्ये बाकीची फील्ड पॉप होतात, म्हणजे काढून टाकली जातात. जेसन छोटा होतो, पण एसक्यूएल सगळेच कॉलम आणतं, म्हणून क्वेरीसेटला (डेटाबेसकडची मागणी) ‘ओन्ली’ लावलंय, म्हणजे फक्त नेमलेले कॉलम येतात. घोळ तिथेच आहे. ‘सवलतीची किंमत’ हे मेथड फील्ड, म्हणजे कोडमध्ये मोजून दिलेलं फील्ड, एमआरपीचा कॉलम वाचतं. तो ‘ओन्ली’त नसला की प्रत्येक ओळीमागे एक जादा क्वेरी, म्हणजे 50 वस्तूंच्या यादीला 51. सिलेक्ट रिलेटेडमधली (जोडलेलं टेबल त्याच क्वेरीत आणायची सोय) फॉरेन की, म्हणजे त्या टेबलाशी जोडणारा कॉलम, ‘ओन्ली’तून वगळली तर सरळ एरर येते, ते निदान लगेच कळतं. ही गळती मात्र गुपचूप चालते.

कोणत्या फील्डला कोणते कॉलम लागतात, हा तक्ता तुम्ही कुठे ठेवता? सीरियलायझरच्या मेटामध्ये (त्याच्या सेटिंग्जचा आतला क्लास) की वेगळा? आणि अनोळखी फील्ड आलं तर 400 (‘विनंती चुकीची’ असा एरर कोड) देता ना? मला तेच योग्य वाटतं, स्पेलिंगची चूक तिथेच सापडते.